तुमी कुठं उतरणार?

बनाबाईला किल्ल्यांची हौस कधीच नव्हती. किल्ला म्हणजे पडके दगड, दगडांत पाकोळ्या, आणि वर चढून गुडघ्यांची वाट लावून घ्यायची, एवढंच तिचं मत. हौस उपटली ती तिच्या नवऱ्याला, तात्यारावांना, तीही म्हातारपणी, आणि तिला कारण झाली त्यांची लेक.

लेक श्रावस्ती वेल्समध्ये नर्स आहे. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या शेजारचा मुलूख, हे बनाबाई आपल्या गावच्या, जळकोटातल्या बायकांना समजावून समजावून थकली. बायका आपल्या लंडनच म्हणतात. तर ही श्रावस्ती आणि जावई बुद्धघोष, दोघांनी दिवाळीच्या आगेमागे सुट्टी काढली, भाड्यानं गाडी घेतली आणि किल्ले बघत त्या मुलखात हिंडले. रोज फोनवर फोटो यायचे. हिरवं टेकाड, टेकाडावर किल्ला, किल्ल्यापुढं रेनकोट घातलेला जावई, आणि मागं मेंढरं. किल्ल्यांची नावं अशी की घ्यायला गेलं तर जिभेला पीळ पडावा.

तात्याराव दोन बोटांनी फोटो मोठा करून बघायचे आणि नाक मुरडायचे. मेंढरं तर आपल्याकडंही आहेत, म्हणायचे, आणि किल्ला म्हणाल तर नळदुर्गापुढं हे निव्वळ खेळणं. शेवटी एके दिवशी लेकीला फोनवर सांगूनच टाकलं की आम्हीबी निघालोय दोघं, एका दिवसात दोन किल्ले करणार, सकाळी नळदुर्ग आणि दुपारी परंडा. लेक तिकडून हसली आणि फोटो पाठवा म्हणाली.

आता खरं सांगायचं तर बनाबाई मनातून खूश झाली होती. तात्यारावांची सगळी नोकरी एसटीत गेली, ड्रायव्हर म्हणून. साऱ्या जिल्ह्याला ह्या माणसानं फिरवलं, बायकोला तेवढं सोडून. सुट्टी मिळाली की म्हणायचे, चाकावर बसून कंबर मोडली, आता मला हलवू नको. रिटायर झाल्यावर एक जुनी पांढरी मोटार घेतली, ती दवाखाना आणि लग्नकार्य ह्यापलीकडं कधी गेली नाही. म्हणून बनाबाईनं त्या दिवशी अंधारात उठून भाकरी थापल्या, शेंगाची चटणी डब्यात भरली, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि गाडीच्या पुढच्या सीटवर अशी बसली की शेजारणीला नीट दिसावं.

एक गोष्ट तिच्या मनात होती, ती मात्र तिनं खाली दाबून ठेवली होती. गेल्या काही महिन्यांत तात्याराव मधूनच चुकल्यासारखे व्हायचे. एकदा साखर आणायला गेले ते हायवेच्या थांब्यावर बसून राहिले, आणि आणायला गेल्यावर म्हणाले, गाडीच आली न्हाय. एकदा स्वतःच्याच दाराची कडी वाजवत उभे राहिले, दार उघडं असताना. वय झालं, असं बनाबाईनं मनाला सांगितलं. लेकीला सांगायचं म्हटलं तर ती समुद्रापल्याड, तिचा जीव टांगणीला लावून काय मिळवायचं? गाडी मात्र ते अजून अशी चालवायचे की पोटातलं पाणी हलू नये. गाडी चालवणाऱ्याला काय होतंय, असं तिला वाटायचं.

नळदुर्ग झकास झाला. तात्याराव इतके रंगात आले की दोनचार पर्यटक आपणहून त्यांच्यामागं चालायला लागले. किल्ल्यात नदी कशी वळवली, तिच्यावर धरण कसं बांधलं, धरणाच्या पोटात महाल कसा केला, नर आणि मादी अशा नावांचे दोन धबधबे, पावसाळ्यात महालाच्या खिडकीत उभं राहिलं की अंगावरून पाणी जातंय पण आपण कोरडे, सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. एक शब्द चुकला नाही. बनाबाईनं त्यांचा फोटो काढून लेकीला पाठवला आणि मनात म्हणाली, उगाच मी खामखा फिकीर करत होते.

किल्ल्याबाहेर आल्यावर ती नळावर हात धुवायला गेली, आणि परत येऊन बघते तर तात्याराव गायब. मोटार कुलूपबंद. पोरांची सहल घेऊन आलेली एक लाल एसटी पलीकडं उभी होती. तात्याराव तिच्यात, ड्रायव्हरच्या सीटवर, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत बसलेले. खाली त्या गाडीचा खरा ड्रायव्हर, तरुण माणूस, हसत उभा होता. बसू द्या मावशी, म्हणाला, जुने ड्रायव्हर आहेत, मला कळलं त्यांच्या बसण्यावरनं. बनाबाईही हसली. पण तात्याराव खाली उतरले, तिच्याकडं बघून क्षणभर थबकले आणि म्हणाले, “तू हितं कशी?”

लगेच सावरले. गंमत केली, म्हणाले. पण बनाबाईला ती गंमत वाटली नाही. तिनं ऊन लई झालंय, गुडघे दुखतायत, परंडा पुढच्या खेपेला बघू, असं सगळं म्हणून पाहिलं. तात्यारावांचं तोंड उतरलं. लेकीला दोन किल्ले सांगितलेत, म्हणाले, एक बघून कसं परत जायचं? त्यांचा तो पडलेला चेहरा तिला बघवेना. ती गाडीत बसली.

तुळजापूर गेलं, बार्शी गेली. बार्शीच्या पुढं एका लिंबाखाली गाडी लावून दोघांनी भाकरी खाल्ली. तात्याराव चटणीला नावं ठेवत, तिखट कमी पडलं म्हणत जेवले, त्यामुळं बनाबाईला जरा बरं वाटलं. नावं ठेवतायत म्हणजे ठीक आहेत. डबा पुसून तिनं पायाशी ठेवला आणि गाडी परंड्याच्या रस्त्याला लागली.

ह्याच रस्त्यावर त्यांनी वर्षानुवर्षं एसटी चालवलेली. दोन्ही अंगाला ऊस, मधूनच ज्वारी, आणि रस्त्यावर उसानं लादलेल्या ट्रॉल्या. बनाबाईला डुलकी लागत होती. मधेच तात्यारावांनी आरसा हातानं नीट केला, पाठ ताठ केली आणि समोर बघतच विचारलं,

“बाई, तुमी कुठं उतरणार?”

आता बनाबाईची चूक बघा. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं तिला “तू” शिवाय हाक मारली नव्हती. “अगं”, “ऐकलं का”, रागात “ए”. तिकडं बुद्धघोष आपल्या बायकोला मानानं बोलतो म्हणून लेकीनं मागं बापाची चांगली हजेरी घेतली होती, आणि तात्याराव तेव्हा म्हणाले होते, बरं बाई, आजपासून तुझ्या आईला अहो-जाहो करतो. केलं कधीच नाही. म्हणून बनाबाईला वाटलं, आज सहलीला निघालोय, माणूस रंगात आलाय, चेष्टा करतोय. म्हाताऱ्याला ह्या वयात लाडात यायला झालं, असं म्हणून ती मनात गोड हसली. डोक्यावर पदर घेतला, अगदी परक्या बाईसारखा, आणि म्हणाली, “परंडा. एक फुल द्या.”

तिकीट कंडक्टर देईल, असं तात्याराव म्हणाले. कंडक्टर कुठाय, असं तिनं हसू दाबत विचारलं. ते म्हणाले, मागं हाय की, गर्दी हाय, येईल. मग त्यांनी आरशात बघितलं आणि जरा आवाज चढवून मागं सांगितलं की आत सरका, दारात उभं राहू नका.

बनाबाईनं मागं वळून बघितलं. मागच्या सीटवर तिची शाल होती आणि पाण्याची बाटली. बाकी कुणी नव्हतं. तिनं तात्यारावांच्या तोंडाकडं बघितलं. तिथं हसू नव्हतं, हसू दाबल्याची खूणही नव्हती. कामात असलेल्या माणसाचं तोंड होतं ते.

“अहो,” ती म्हणाली, “म्या हाय. बना.”

त्यांनी डाव्या हातानं काचेच्या वरच्या बाजूला बोट दाखवलं. एसटीत तिथं पाटी असते, चालकाशी बोलू नये म्हणून. इथं मोटारीची काच होती आणि काचेपुढं ठेवलेली छोटी बुद्धमूर्ती. ते काही रागावले नव्हते. अडाणी बाई आहे, तिला वाचता येत नसेल, अशा समजूतदारपणानं त्यांनी बोट दाखवलं आणि पुन्हा हात स्टेअरिंगवर नेला.

गाडी वेगात होती. बनाबाईला ती चालवता येत नव्हती, गाडी कशानं थांबते हेही धड ठाऊक नव्हतं. आणि चालवणारा माणूस शेजारी बसून भलतीच गाडी चालवत होता. त्याच्या मनात लांबरुंद लाल एसटी होती, म्हणून तो रस्त्याच्या मधोमध धरून चालला होता, वळणावर भलताच मोठा फेरा घेत होता. समोरून एक ट्रक आला, त्यानं दिवे लावले, हॉर्न दिला. तात्यारावांनी शांतपणे हात बाहेर काढून त्याला बाजूला हो म्हणून खुणावलं. ट्रकच बिचारा मातीत उतरला. बनाबाईनं डोळे मिटून घेतले होते, ते तिला ट्रक मागं गेल्यावर उघडता आले.

लेकीचं नाव घ्यावं, त्यानं तरी भानावर येतील, असं तिला वाटलं. श्रावस्तीचा फोन येईल आता, असं ती म्हणाली. तात्यारावांचा चेहरा उजळला. माझ्या लेकीचंबी नाव श्रावस्तीच हाय, म्हणाले, चवथीला हाय, लई हुशार. श्रावस्तीची चौथी होऊन जन्म लोटला होता.

“आन तिची आई?” तिनं विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

“घरी हाय की,” तात्याराव म्हणाले. “वाट बघत आसंल.”

म्हणजे एक बनाबाई जळकोटात घरी बसली होती, तरुण, चौथीतल्या पोरीची आई, आणि ती खरी होती. मग ही गाडीत बसलेली पांढऱ्या केसांची कोण? तिला ट्रकपेक्षाही ह्या गोष्टीचं भय वाटलं. आपलाच हात तिनं दुसऱ्या हातानं घट्ट धरला.

पुढं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, दोन दोन जोडलेल्या, मुंगीच्या चालीनं. तात्यारावांनी गाडी उजवीकडं घेतली. समोरून काहीतरी येत होतं. बनाबाईला राहवेना, तिनं त्यांच्या हातावर झडप घातली आणि थांबा, थांबवा म्हणून ओरडली. गाडी झोकांडली. उसाची टिपरं खिडकीला घासत गेली, समोरची जीप हॉर्ननं कानठळ्या बसवत निघून गेली, आणि तात्यारावांनी एका हातानं गाडी सरळ करत दुसऱ्या हातानं तिचा हात झटकला. ड्रायव्हरला हात लावू नका, म्हणाले. गाडीत पन्नास माणसं हायत. मधी थांबा न्हाय, ही एक्सप्रेस हाय.

आणि मग त्यांनी गाडी आणखी पिटाळली, टाइम गाठायचा म्हणून.

बनाबाई रडत नव्हती. रडायलाही जरा उसंत लागते. तिला एवढंच कळत होतं की आपण बोललो तर हा माणूस ऐकणार नाही, ओढलं तर दोघंही मरू, आणि आपल्याबरोबर समोरून येणारं कुणाचं तरी लेकरू मरेल. हा माणूस कुणाचं ऐकतो? साहेबाचं नाही, बायकोचं तर कधीच नाही. गाडीवर असताना तो फक्त एका गोष्टीचं ऐकतो. कंडक्टरनं दोरी ओढली, घंटी एकदा वाजली, की थांबायचं. दोनदा वाजली की निघायचं. मधे कुणी पाया पडलं तरी घंटीशिवाय ब्रेक नाही. ड्रायव्हरच्या घरात राहून हे कुणाला कळत नाही?

तिनं पायाशी हात घातला, स्टीलचा डबा मांडीवर घेतला, हातातलं कडं त्याच्यावर एकदाच आपटलं. टण.

तात्यारावांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी इतकी अलगद रस्त्याच्या कडेला लागली की मांडीवरचा डबासुद्धा हलला नाही. त्यांनी गिअर काढला, एक हात खिडकीत ठेवला आणि उतारूंची चढउतार होईस्तोवर ड्रायव्हर जसा कंटाळून बाहेर बघतो तसे बघत बसले. इंजिन चालूच होतं.

आता काय? किल्ली काढावी म्हणून बनाबाईनं हात पुढं केला, तर त्यांनी असं बघितलं की हात तिथंच राहिला. बायकोकडं कसंही बघितलं तरी त्या बघण्यात ओळख असते. हे बघणं परक्या बाईकडं होतं, चोरी करताना सापडलेल्या. ती मागं सरली. आजूबाजूला ऊसच ऊस, माणूस नाही, घर नाही. खाली उतरून कुणाला तरी हाक मारावी म्हणून तिनं दार उघडलं आणि एक पाय खाली ठेवला.

तेवढ्यात मागून एक दूधवाला मोटारसायकलवरून आला आणि बाजूनं जाताना दोनदा हॉर्न वाजवून गेला. पीं पीं.

तात्यारावांनी गिअर टाकला.

गाडी सुटली, दार उघडं, बनाबाईचा एक पाय रस्त्यावर घासतोय, चप्पल गेली. तिनं दाराच्या वरची कडी दोन्ही हातांनी धरली आणि कसंबसं अंग आत ओढलं. पायाचं बोट फुटलं होतं. दार ओढून घेतल्यावर तिला हुंदका आला तो पायामुळं नाही. ती खाली राहिली असती तर हा माणूस एकटाच निघून गेला असता, ह्या विचारानं आला. त्याला कळलंही नसतं की कुणी राहिलंय. रस्ता संपेस्तोवर गेला असता, पुढच्या रस्त्यावर गेला असता, आणि ती उसाच्या कडेला अनवाणी उभी राहून कुणाच्या नावानं हाका मारणार होती?

मग मात्र ती सावरली. भीती गेली नव्हती, पण तिच्यातही तिला एक विचार सुचला. ड्रायव्हर आपली सीट कुठं सोडतो? स्टँडवर. दुसरीकडं कुठंच नाही. म्हणजे परंडा येईस्तोवर आपण उतारू आणि आपणच कंडक्टर. तिनं डबा छातीशी धरला आणि रस्त्यावर डोळे लावले. पुढं एका वस्तीजवळ शेरडांचा कळप रस्ता ओलांडत होता, तेव्हा तिनं लांबूनच एक ठोका दिला. गाडी थांबली. शेरडं गेली, मागची म्हातारी गेली. आता दोन ठोके द्यायचे होते. ते द्यायला तिचा हात उठेना. जो माणूस आपल्याला ओळखत नाही त्याला आपणच सांगायचं की चल, ने मला. तात्याराव मागं बघून कंडक्टरला म्हणाले, काय झोपलास का. तेव्हा तिनं डोळे मिटून दोनदा कडं आपटलं.

परंडा जवळ आलं तसे तात्याराव सैल झाले. गाडी टाइमात आली ह्याचं समाधान त्यांच्या बसण्यात दिसत होतं. गावाच्या अलीकडं बुरूज दिसायला लागले, काळे, ठेंगणे, रुंद, भोवती खंदक. तात्यारावांनी हनुवटीनं तिकडं दाखवलं आणि अगदी गोड बोलले. आयुष्यात कधी बायकोशी असं बोलले नसतील.

“त्यो परंड्याचा किल्ला. बघून घ्या बाई, लई जुना हाय. आमच्या मंडळीलाबी एकदा आणून दाखवायचाय.”

बनाबाईनं किल्ल्याकडं बघितलं. तिला दगड दिसले नाहीत, काहीच दिसलं नाही, डोळे भरून आले होते. दाखवा की, म्हणाली. त्यांना आवडंल.

मोटार बस स्टँडाच्या फाटकातून आत शिरली. लोक ओरडले, एक कंडक्टर हात हलवत धावत आला, एका लाल गाडीनं करकचून ब्रेक मारला. तात्यारावांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी दोन एसटींच्या मधल्या जागेत मोटार फलाटाला बरोबर लावली, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि खाली उतरले. इंजिन बंद झालं तेव्हा बनाबाईला पहिल्यांदा आपला श्वास ऐकू आला. जगलो बाबा, असं तिला वाटलं. दोघंही जगलो. ती अनवाणी लंगडत त्यांच्यामागं निघाली, कारण आता त्यांना नजरेआड करायचं नव्हतं.

ते सरळ कंट्रोलरच्या खिडकीशी गेले. आत हरिबा बसला होता, तात्यारावांचा जुना कंडक्टर, आता बढती मिळून खिडकीत आलेला. श्रावस्तीच्या लग्नात त्यानं पंगतीत वाढलेलं. त्यानं तात्यारावांना बघितलं आणि तोंडभर हसला.

“काय हरिबा,” तात्याराव म्हणाले, “टाइमात आणली का न्हाय?”

हरिबाला ओळखलं. नाव घेऊन ओळखलं. बनाबाईला ते लागलं, पण त्याबरोबर आशाही वाटली की आता भानावर येतायत, आता वळून बघतील आणि म्हणतील, अगं, तुझी चप्पल कुठाय. ते वळलेही. तिच्या उघड्या पायाकडं त्यांचं लक्ष गेलं, बोटातून रक्त येत होतं, आणि त्यांच्या तोंडावर दया आली. ते हरिबाकडं वाकून हळू आवाजात बोलले, बाईला ऐकू जाऊ नये म्हणून.

“ह्या बाई एकट्याच हायत. संगं माणूस न्हाय. जरा बघ, नीट घरी पोचत्या कर.”

हरिबाचं हसू विरलं. त्यानं तात्यारावांकडं बघितलं, मग बनाबाईकडं. वैनी, असं त्याच्या ओठांवर आलं. बनाबाईनं मान हलवून त्याला गप्प केलं. आता ह्या माणसाला खरं सांगून उपयोग नव्हता. खरं सांगितलं तर बिथरेल, हात सोडवून चालायला लागेल, आणि खिशात किल्ली आहे. तिनं पदर सावरला.

व्हय दादा, म्हणाली, एकटीच हाय, जळकोटला जायचंय. पण ह्या ड्रायव्हरसाहेबांचीबी ड्युटी संपलीय न्हवं, तेबी तिकडलंच. दोघांना एकाच गाडीत जागा द्या, एकाच बाकावर.

हरिबानं मान डोलावली आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. तात्यारावांना मात्र नवल वाटलं. मी जळकोटचा हे तुमाला कसं ठावं, म्हणाले. बनाबाई म्हणाली, आमी एकाच गावचं हाव. तात्याराव तिच्याकडं नीट बघायला लागले, खेड्यातला माणूस गाववाल्या बाईकडं बघतो तसं, कुळी लावायला.

“कुणाच्या घरच्या तुमी?”

लग्नातला उखाणा सोडला तर बनाबाईनं नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. रेशनवाल्यानं विचारलं तरी शेजारणीकडून सांगायची. आता तिला सांगायला शेजारीण नव्हती.

“तात्यारावांच्या,” ती म्हणाली.

त्यांनी ते नाव मनात घोळवलं. आठवायचा खरंच प्रयत्न केला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि मग अपराध्यासारखे हसले.

“आसतील. म्या दिवसभर गाडीवर असतो बाई, गावात वळखी राहिल्या न्हाईत.”